वाताची गोळी आणि पोटाची सवय

भीमेच्या अलीकडे कर्जत तालुका आणि पलीकडे भिगवण. राशीनवरून जाणाऱ्या रस्त्याने नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, गुडघेदुखी मात्र तीच राहते. या भिगवणात १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरात अठरा जणांना सांध्यांचे किंवा स्नायूंचे दुखणे निघाले. ज्वारीची काढणी आणि उकिडवे बसून केलेली खुरपणी दोन्ही काठांना सारखीच. तेव्हा कर्जतचे चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

दुखणे आले की गोळी आली. आणि गोळी घेणारी आजी हमखास म्हणते, ‘पहिले चार दिवस पोटात आग पडली बाई, आता सवय झाली.’ हे म्हणणे खरे की मनाची समजूत?

सांधे आणि पोट यांचे नाते आपल्याकडे जुनेच. माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे आणि त्यातला ‘आम’ म्हणजे न पचलेले. उपचार पोटापासून सुरू होई. एरंडेलाची महती त्यातूनच आली.

युरोपात वाट वेगळी पडली. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या पाद्र्याने विलो झाडाच्या सालीने ताप उतरतो असे कळवले. १८७६ मध्ये स्कॉटलंडच्या डॉ. मॅक्लॅगन यांनी त्याच सालीतले सॅलिसिन संधिवाताच्या रोग्यांना दिले आणि ठणका उतरला. पुढे त्याच कुळातले सॅलिसिलिक ॲसिड वापरात आले, पण ते पोटाला सोसेना. १८९७ मध्ये बायर कंपनीतल्या फेलिक्स हॉफमनने त्याचे सौम्य रूप तयार केले. वडिलांच्या पोटाला जुने औषध सोसत नव्हते म्हणून त्याने हे केले, अशी कथा सांगतात. श्रेय आपले, असे त्याच्याच एका सहकाऱ्याने पुढे लिहिले. ते असो. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आली ती ‘पोटाला सोसणारी’ म्हणूनच.

तो समज चाळीस वर्षे टिकला. १९३८ मध्ये लंडनच्या डौथवेट आणि लिंटॉट यांनी जठरात दुर्बीण घालून पाहिले, तर ॲस्पिरिनने आतले अस्तर लालबुंद झालेले. कारण कळायला १९७१ उजाडले. जॉन व्हेन यांनी दाखवले की ही औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. गुडघा सुजवण्यात ज्याचा हात, तेच द्रव्य जठराच्या अस्तराची राखण करते. एकाला आवरावे तर दुसरे उघडे पडते.

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. १९८३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना ॲस्पिरिन देऊन जठर पुन्हा पुन्हा तपासले. सुरुवातीच्या दिवसांत ओरखडे वाढले आणि मग, गोळी चालू असतानाही, कमी झाले. म्हणजे सवय होते. अस्तराचा रक्तपुरवठा सावरतो, नव्या पेशी अधिक वेगाने तयार होतात.

पण ही सवय वरवरच्या ओरखड्यांपुरती. खोल व्रण, म्हणजे अल्सर, पुढेही होऊ शकतो. जठरात हेलिकोबॅक्टर जंतू असले तर सवयही नीट लागत नाही, आणि हा जंतू आपल्याकडे घरोघरी. शिवाय म्हाताऱ्या माणसांत व्रण पुष्कळदा दुखतच नाही. डांबरासारखी काळी शौच झाली किंवा उठताना अंधारी आली की मग कळते; तेव्हा घरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पोट वाचवणारी गोळी शोधण्याचा पुढचा प्रयत्न महागात पडला. १९९९ मध्ये आलेली रोफेकॉक्सिब पोटाला खरेच हलकी होती, पण तिने हृदयविकाराचे झटके वाढले. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, आणि त्याच वर्षी भारतातही तिच्यावर बंदी आली.

आता डॉक्टर वाताच्या गोळीबरोबर ॲसिड कमी करणारी दुसरी गोळी देतात. तिने जठर बरेच सांभाळले जाते, लहान आतडे नाही. २००५ मध्ये त्याच ग्रॅहॅम यांनी, तीन महिन्यांहून अधिक काळ अशा गोळ्या घेणाऱ्या संधिवाताच्या रोग्यांना कॅमेऱ्याची कुपी गिळायला दिली. शंभरात एकाहत्तर जणांच्या लहान आतड्यात जखमा दिसल्या.