लोकर, सुई आणि घोंगडे

नव्या छंदाला लागलेला मनुष्य प्रथम हत्यारे जमवितो आणि मग काम शिकतो, हा सिद्धांत आमच्या घरात गेल्या हिवाळ्यात पुन्हा एकवार सिद्ध झाला. आमच्या सूनबाईंनी दोन सुयांवरचे विणकाम शिकावयास घेतले. आरंभी सुयांची एक जोडी आणि लोकरीचा एक गुंडा एवढाच संसार होता. महिन्याभरात तो इतका वाढला की, आमच्या पुस्तकांच्या कपाटातला एक खण त्यासाठी रिकामा करून द्यावा लागला. बांबूच्या सुया, धातूच्या सुया, मध्ये लवचिक तार असलेल्या गोल सुया, टाक्यांच्या खुणेसाठी इवल्याशा कड्या, आणि नाना रंगांच्या लडी! गळपट्टा मात्र अद्यापि वीतभरच होता. "बाबा, ही मेरिनोची लोकर, नुसता हात तर लावून पाहा," असे म्हणून त्यांनी एक लड आमच्यापुढे धरली. लोकर खरोखरच लोण्यासारखी मऊ होती. परंतु इतिहासाच्या अध्यापकाला वस्तू हाती आली की तिचे मूळ शोधण्याची खोड असते. ज्या नगर जिल्ह्याच्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चरत आली, तेथील घरात लोकर सातासमुद्रांपलीकडून का यावी, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

सुयांवरची ही विद्या आपल्या देशावरची नव्हे. तिचे जुने नमुने मिसर देशात सापडलेल्या सुती मोज्यांच्या रूपाने जगातील संग्रहालयांत जपून ठेविलेले आहेत. तेथून ती युरोपात गेली आणि तेथील थंडीत इतकी रुजली की, 1589 मध्ये इंग्लंडातील विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्रच तयार केले. आपल्याकडे ती इंग्रजांच्या मागोमाग आली. पेशवाई बुडाल्यावर नगर जिल्हा इंग्रजी अमलाखाली गेला, भिंगारजवळ छावणी वसली आणि 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरास आपले ठाणे घातले. मिस सिंथिया फरार या बाई 1827 मध्ये मुंबईस आल्या होत्या. त्या 1839 मध्ये नगरास येऊन मुलींच्या शाळा चालवू लागल्या. वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम हा अशा शाळांतील नेहमीचा विषय असे. मुलीला अक्षर शिकवावयाचे म्हटले की ज्या वडीलमंडळींच्या भुवया चढत, त्या सुईकामाचे नाव काढताच थोड्या तरी खाली येत असतील, असा आमचा तर्क आहे. फरारबाईंची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि 1848 मध्ये त्यांनी पुण्यास मुलींची शाळा काढली, हे तर सर्वश्रुतच आहे. तेव्हा सुईला कोणी क्षुल्लक लेखू नये.

परंतु ही सुई येण्यापूर्वी येथे लोकरीचे शास्त्र नव्हते काय? होते, आणि पुष्कळ पुढे गेलेले होते. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरावयाची, धुऊन वाळवावयाची, कमानीने पिंजावयाची, मग बायकांनी तिचे सूत काढावयाचे. उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ कुंचीने चोपडून ते ताठ करावयाचे आणि खड्ड्यातल्या मागावर पाय सोडून बसून घोंगडे विणावयाचे. असे घोंगडे पाऊस सोसते, थंडी अडविते. रात्री अंथरूण होते, दिवसा खोळ होते. मेंढरांमागे चालता चालता टकळीवर सूत काढणारा धनगर आजच्या वृद्धांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

मग याच सुताचा गळपट्टा का होत नाही? याचे उत्तर तंतूत आहे. मेरिनोचा तंतू बहुधा 24 मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या 24 हजारांशांहूनही, बारीक असतो. त्याला अंगचे कुरळेपण असते, त्यामुळे विणलेले वस्त्र ताणले तरी पूर्ववत होते. दख्खनी तंतू त्याच्या दीडपट-दुपटीने जाड, सरळ व केसाळ. शिवाय एका मेंढीपासून वर्षाकाठी मिळणारी लोकर अर्ध्या किलोच्या आसपास. गळ्याला तो बोचणारच. म्हणून त्याने आपल्यासाठी सुई निर्माण न करता माग, खळ आणि कुंची निर्माण केली. हत्यार वस्तूच्या स्वभावातून जन्मास येते, ही गोष्ट हौशी माणसाच्या ध्यानात सर्वांत शेवटी येते. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल नामक अमेरिकन यंत्रज्ञाने नगरातच हातमाग अधिक जलद चालावा म्हणून प्रयोग केले. पण त्यांनाही आधी सूत आणि विणकराची बैठक न्याहाळावी लागली असेल.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे भाग आहे. पांढरपेशा घरातील स्त्रीने चार तास बसून कानटोपी विणली तर आपण तिला कला म्हणतो व चारचौघांत दाखवितो. धनगर स्त्रीने जन्मभर सूत काढले, त्याला मात्र आपण पोटापाण्याचा धंदा एवढेच नाव दिले. कारागिरीच्या दृष्टीने पाहता दुसरीचे काम अधिक अवघड होते. मान मात्र पहिलीच्या वाट्यास आला. या अनादराचे फळ आज डोळ्यांपुढे आहे. कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीच्या किमतीतून सुटत नसल्याने कित्येक ठिकाणी ती उकिरड्यावर टाकली जाते. आणि मांसाला भाव असल्याने कमी लोकरीच्या मेंढ्यांकडे धनगरांचा ओढा वाढला आहे. जामखेड तालुक्यातील चौंडीस 31 मे 1725 रोजी जन्मलेल्या, धनगर कुळातील अहिल्यादेवींचे नाव 2024 मध्ये या जिल्ह्यास मिळाले. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळासही त्यांचेच नाव आहे. नावाचा गौरव झाला हे उचितच. परंतु त्या कुळाच्या हातची विद्या उकिरड्यावर जात असता केवळ नावाने समाधान मानणे आम्हास जड जाते.

स्वदेशीच्या आवेशात मऊ लोकर टाकून द्या, असा उपदेश आम्ही करणार नाही. बोचरा गळपट्टा कोणाच्याही देशाभिमानाला फार दिवस पुरत नाही. आम्ही एवढेच केले की, एका घोंगडीवाल्याकडून हातसुताची एक काळी लड आणून सूनबाईंपुढे ठेविली. त्यांनी प्रथम नाक मुरडले. बारीक सुया त्या सुतात अडकत, टाका सरकेना. अखेर खणातली सर्वांत जाड जोडी निघाली; तिचा उपयोग तोवर एकदाही झाला नव्हता. पंधरा दिवसांत एक बैठकीचे आसन तयार झाले. ते ओबडधोबड आहे, पण आमच्या खुर्चीवर छान बसते आणि झिजण्याचे लक्षण दिसत नाही.

त्यानंतर एके सायंकाळी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हे सूत ज्या आजींनी काढले, त्यांच्याकडे एकदा नेऊन आणाल का? एवढे सारखे सूत हाताने कसे निघते, ते पाहायचे आहे."

नव्या सुयांची मागणी त्या दिवशी नव्हती. पुढच्या रविवारी आम्ही जाणार आहोत.