महाकायवध (व्हिडिओ गेममधील) : खेळाडूंची मते

महाकायवध : माणसाएवढ्या नायकाने डोंगराएवढ्या प्राण्याशी झुंजून त्याला मारावे, हाच ज्याचा गाभा आहे असा साहसी व्हिडिओ गेमचा प्रकार. या नोंदीत असे खेळ खेळणाऱ्यांच्या मतांचा विचार केला आहे. मुख्य आधार ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (प्लेस्टेशन २, ऑक्टोबर २००५) या जपानी खेळाचा आहे. तुलनेसाठी कॅपकॉम कंपनीचा ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’ (२०१८) आणि पुण्यात तयार झालेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हे दोन खेळ घेतले आहेत. महाकायाला मारण्याची कथा वर्धा जिल्ह्याला परकी नाही. सेलू तालुक्यातले, नागपूर–वर्धा रस्त्यावरचे केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, आणि भीमाने बकासुराला मारले ते इथेच, अशी स्थानिक परंपरा आहे; तिथल्या टेकडीवरचा गणपती एकचक्रा गणेश म्हणून ओळखला जातो. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे इतरही आहेत, बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले त्याच नावाचे गाव त्यांपैकी एक. त्या वादाशी या नोंदीला कर्तव्य नाही. बकासुराची गोष्ट इथे मापदंड म्हणून उपयोगी पडते, एवढेच.

आदिपर्वातल्या बकवधाची मांडणी पक्की आहे. गाडाभर अन्न, ते ओढणारे दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा त्या राक्षसाचा कर ठरलेला. घराघरांवर पाळी येते. पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले आहेत त्याची पाळी येते तेव्हा कुंती भीमाला पाठवते. भीम ते अन्न स्वतःच खात बसतो, बक पाठीत गुद्दे घालतो तरी वळून पाहत नाही, आणि जेवण उरकल्यावर त्याला मारतो. ऐकणाऱ्याला बकाबद्दल कणव वाटत नाही. याचे सरळ उत्तर असे दिले जाईल की बक माणसे खात होता, तेव्हा त्याला मारणे रास्तच होते. उत्तर खरे आहे, पण अपुरे. दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : कथेत बक आपल्याला भेटतो तो खाण्यापुरता आणि मरण्यापुरता. गाडा यायचा नसेल त्या दिवशी तो काय करतो, कुठे झोपतो, कशाला भितो, यावर कथा शब्द खर्च करत नाही. महाकायवधाच्या खेळांबद्दलची मते एकत्र ठेवून वाचली, तर नेमकी हीच बाब निर्णायक ठरताना दिसते. मारल्यावर काय वाटते हे प्राण्याच्या आकारावरून ठरत नाही आणि मारण्याचे कारण किती रास्त आहे यावरूनही फारसे ठरत नाही. नायक तिथे पोचण्याआधी तो प्राणी आपल्या आपण कसा राहत होता, हे खेळाने दाखवले की नाही, यावर ते ठरते.

‘शॅडो ऑफ द कोलोसस’चे दिग्दर्शक फुमितो उएदा, निर्माते केन्जी काइदो. वाँडर नावाचा तरुण मृत मुलीला घेऊन निषिद्ध प्रदेशात येतो. तिथल्या मंदिरातली डॉर्मिन ही अदृश्य शक्ती त्याला सांगते की सोळा महाकाय मारलेस तर ही जिवंत होऊ शकेल. त्याच्यापाशी तलवार, धनुष्य आणि अ‍ॅग्रो नावाचा घोडा आहे. एरवीच्या साहसी खेळांत ‘बॉस’पर्यंत, म्हणजे मुख्य शत्रूपर्यंत, पोचेतो चिल्लर शत्रूंची रांग असते, इथे ती नाही. गावे नाहीत, दुकाने नाहीत, वाटेत बोलायला माणूस नाही. उएदांची पद्धत वजाबाकीची : आधी अठ्ठेचाळीस महाकायांची कल्पना होती, मग चोवीस, अखेर सोळा राहिले. उन्हात तलवार उंच धरली की प्रकाशाची तिरीप वाट दाखवते. तेवढ्यावर मोकळा माळ तुडवत जायचे, प्राणी शोधायचा, त्याच्या अंगावरची लव धरून वर चढायचे आणि चकाकणाऱ्या खुणेवर तलवार खुपसायची. खेळाला मान भरपूर मिळाला. गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत २००६ साली तो वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि २०१८ मध्ये ब्लूपॉइंट गेम्सने प्लेस्टेशन ४ साठी तो नव्याने बांधला. इतक्या वर्षांत खेळणाऱ्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी सतत येत राहिल्या. महाकाय कोसळला की आनंद होण्याऐवजी चुकल्यासारखे वाटते, ही एक. खेळ हाताला जड जातो, कॅमेरा भलतीकडे फिरतो आणि घोडा ऐकत नाही, ही दुसरी.

पहिल्या मताचा उलगडा बहुतेक जण कथेतून करतात. या महाकायांनी कोणाचे काही वाकडे केलेले नाही, वाँडरच त्यांच्या दारात जातो, म्हणून वाईट वाटते, असा तो उलगडा. पण हे तर सोळाच्या सोळा महाकायांना लागू आहे, आणि वाईट मात्र सोळांबद्दल सारखे वाटत नाही. तेरावा महाकाय म्हणजे वाळवंटावर तरंगणारा लांबच लांब, सापासारखा जीव. तो वाँडरवर एकदाही हल्ला करत नाही. आपल्या वाटेने उडत असतो, आणि त्याच्या पोटाखालच्या हवेच्या पिशव्या बाणांनी फोडून त्याला खाली ओढावे लागते. पाचवा, पक्ष्यासारखा, पाण्यातल्या खांबावर बसून असतो आणि बाण मारून डिवचल्याशिवाय हलत नाही. खेळाडू हळहळतात ते प्रामुख्याने या दोघांबद्दल, आणि त्यातही तेराव्याबद्दल. अकरावा आणि चौदावा हे दोघे त्या मानाने लहान, बैलाएवढ्या अंगाचे. दिसताक्षणी धडक मारतात आणि उठायला उसंत मिळण्याआधी पुन्हा आडवे पाडतात. त्यांच्याविषयी ऐकू येतो तो वैताग. अकरावा आगीला भितो. पेटती मशाल दाखवत त्याला कड्यापर्यंत रेटत न्यावे लागते, तो खाली पडून त्याचे कवच फुटते, आणि मग कुठे त्याच्यावर वार करता येतो. खरे तर सोळांत उघड घाबरलेला दिसणारा हाच. तरीही त्याची दया येणारे थोडे, कारण धडकांपलीकडे त्याला पाहायला खेळाने वेळच दिलेला नाही. गुन्हा कोणाचाच नाही, कारण सगळ्यांना एकच. फरक पडतो तो आपल्या आपण वावरणारा प्राणी नजरेला पडतो की नाही याने.

यावर पहिला आक्षेप संगीताचा. प्रत्येक महाकाय कोसळताना कोव ओतानी यांची शोकधून वाजते; डोळ्यांत पाणी येते ते त्या धुनीने, असे म्हणणारे आहेत. धुनीचा वाटा नाकारता येणार नाही. विजयानंतर तुतारी अपेक्षित असताना मृत्युगीत ऐकू आले की कोणीही थबकेल. पण धून अकराव्यालाही वाजते आणि तेराव्यालाही वाजते. ती भावना निर्माण करत असती तर दोन्हीकडे सारखीच केली असती. आधीच मनात असलेल्या गोष्टीला ती आवाज देते. जिथे काही साचलेलेच नाही तिथे ती नुसती चाल होऊन राहते.

दुसरी तक्रार, म्हणजे हाताला जड जाण्याची, सहसा वेगळ्या रकान्यात टाकली जाते : कथा उत्तम, तंत्र कच्चे. ही विभागणी पुरतेपणी पटणारी नाही. प्राण्याला चिकटून राहण्यासाठी कंट्रोलरवरचे एक बटण दाबून धरावे लागते. कोपऱ्यातले ताकदीचे वर्तुळ आकसत जाते. प्राणी अंग झटकतो आणि वार करायचा सोडून नुसते लटकत राहावे लागते. त्या लटकण्यातच त्याचा श्वास, त्याच्या पाठीची हालचाल, दगड आणि लव यांची सांधेजोड ध्यानात येते. चार वारांत निकाल लागला असता तर यातले काहीच दिसले नसते. घोड्याचेही तेच : अ‍ॅग्रोला इशारा दिल्याबरोबर तो वळत नाही, कारण खऱ्या घोड्याला स्वतःची मर्जी असते, अशी उएदांची भूमिका होती. मात्र या सबबीखाली सगळेच खपवण्याचेही कारण नाही. २००५च्या आवृत्तीत मोठा प्राणी पडद्यावर आला की चित्र अडखळत चाले, ते प्लेस्टेशन २ च्या ताकदीबाहेरचे ओझे होते, त्यात कसली कला नव्हती. २०१८च्या पुनर्निर्मितीने हे दोन प्रश्न आपोआप वेगळे करून दाखवले. चित्र सुरळीत झाले, बटणांची नवी रचना दिली, जुनीही पर्याय म्हणून ठेवली. अडखळण्याची तक्रार मिटली. घोड्याची आणि कॅमेऱ्याची तक्रार मात्र नव्या पिढीच्या खेळाडूंनीही केलीच, आणि चुकल्यासारखे वाटण्याचे मतही तसेच टिकले. कॅमेऱ्याबाबत तक्रारदारांचे म्हणणे मान्य करावे लागेल. घोड्याबाबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेटका आहे. महाकाय न मारता खेळ पुढे सरकतच नाही. मग ज्याला पर्याय नाही त्याला अपराध कसला? पुस्तकातल्या खुनाबद्दल वाचकाला कोणी दोषी धरत नाही. याचे उत्तर ‘मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड’मधून मिळते. तिथे शिकारीला कारण आहे, निसर्गाचा तोल राखण्याचे काम म्हणूनच ती सोपवली जाते. शिवाय बऱ्याचशा मोहिमांत पर्यायही आहे : सापळा लावून, गुंगी देऊन प्राणी जिवंत पकडता येतो. म्हणजे हेतू रास्त आणि मारणे ऐच्छिक. तरी त्या खेळाबद्दल एक गोष्ट अनेक जण बोलून दाखवतात : जखमी प्राणी लंगडत आपल्या घरट्याकडे जाऊन झोपतो, आणि झोपलेल्याच्या उशाशी सुरुंगाची पिंपे रचताना हात आखडतो. तो प्राणी इतर वेळी चरताना, पाणी पिताना, दुसऱ्या प्राण्याशी भांडताना दिसलेला असतो. तेव्हा या भावनेचा उगम पर्याय असण्यानसण्यात नाही. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ने शेवटी केलेली खेळी याला आणखी धार आणते. दर वधानंतर काळ्या धाग्यांसारखे काही वाँडरच्या अंगात शिरत जाते, तो फिकट होत जातो, आणि अखेरीला स्वतःच एक अजस्र काळी आकृती बनतो. कंट्रोलर खेळाडूच्याच हातात असतो, पण आता खाली पळणारी इवलीशी माणसे असतात आणि जड, संथ, दिशा न सापडणारे शरीर आपले असते. ज्या जडपणाबद्दल इतका वेळ तक्रार केली तो कोणाचा होता, हे तिथे हाताला कळते.

आणखी एक आक्षेप वर्ध्यासारख्या जिल्ह्यातून येणे साहजिक आहे : हा कळवळा सोफ्यावर बसलेल्यांचा. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या कडेने शेती करणाऱ्याला जनावर आपल्या आपण कसे जगते हे पाहायची हौस परवडत नाही. ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेल्या वाघिणीने २०१७ मध्ये माणसे मारली, तिला गोळी घालण्याच्या आदेशावरून प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये ती कारंजा तालुक्यात वीजप्रवाह सोडलेल्या शेतकुंपणाला लागून मेली. तेव्हा जे लोक वाघीण मारा म्हणत होते त्यांना क्रूर ठरवणे सोपे आणि चुकीचे आहे. त्यांच्यापुढे ती बकासारखीच आली होती, भुकेपुरती. म्हणून खेळातली हळहळ खोटी ठरत नाही. एवढेच सिद्ध होते की ती उपजायला सुरक्षित अंतर आणि मोकळा वेळ लागतो, आणि खेळ या दोन्ही गोष्टी पुरवतो.

‘राजी’बद्दलची मते या पार्श्वभूमीवर वाचायला हवीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा हा खेळ. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेला लोकनिधी पूर्ण झाला नाही, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आणि पाठोपाठ इतर यंत्रांवर आला, आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगत राहतात. इथे कारण बकवधाइतकेच रास्त आहे आणि असुरही बकासारखेच, चालून येण्यापुरते. त्याप्रमाणे मतेही आली. राजस्थानी धाटणीचे महाल, छायाबाहुल्यांसारखे कथाप्रसंग आणि संगीत यांना दाद मिळाली. लढाई ताठर आहे, खेळ थोडक्यात आटोपतो, शेवट अर्धवट तोडल्यासारखा वाटतो, या तक्रारी झाल्या. रंगदासारख्या प्रचंड शत्रूला पाडल्यावर वाईट वाटले, असे कोणी फारसे म्हणाले नाही. यावरून ‘राजी’त भावनेची खोली कमी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, कारण ही आख्यानाच्या घराण्यातली रचना आहे आणि भीमाच्या जेवणाला टाळी देणारा श्रोता तिला अभिप्रेत आहे. लढाईच्या ताठरपणाची तक्रार मात्र रास्त होती. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली, तशी लढाईचीही डागडुजी झाली.