बिल्ल्यावरचा हत्ती

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात हत्ती नसतो. तिथे हरणे आहेत, मेंढ्या आहेत, गवताळ उतारांवरून सतत भिरभिरणारा गार वारा आहे. तरीही त्या देशातल्या एका नामवंत पलटणीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात तळाशी एक छोटासा हत्ती उभा आहे आणि त्याच्या डोक्यावरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत एका गावाचे नाव कोरलेले आहे. ते गाव आहे असई. आपल्या मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातले, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातले असई.

जुने लष्करी बिल्ले, गुंड्या आणि गणवेश जमवण्याचा छंद जगभर आहे आणि त्यात स्कॉटिश पलटणींच्या वस्तूंना वेगळाच मान आहे. चौकड्यांचे लोकरी किल्ट, शहामृगाच्या पिसांच्या उंच काळ्या टोप्या, कमरेपुढे लोंबणारी केसाळ पिशवी असा हा सारा थाट. डोळे दिपवणाराच. पण माझ्यासारख्या शाळामास्तराच्या ऐपतीत गणवेश बसत नाही. त्याच्या वाट्याला गुंड्या आणि बिल्लेच येतात. गेली वीस-बावीस वर्षे मी ते जमवतो आहे. संग्रह एका चपट्या पेटीत मावेल एवढाच. पण एवढ्याशा धातूत किती इतिहास दडलेला असतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

गणवेश दुर्मीळ का, याचे उत्तर साधे आहे. साध्या शिपायाचा डगला वापरून विरे. जुना झाला की तो कापून कामाचा आखूड अंगरखा शिवत, आणि उरलेसुरले कसर खाई. आज जे लाल डगले काचेआड दिसतात त्यांतले बहुतेक अधिकाऱ्यांचे, म्हणजे पेटीत जपून ठेवता येण्याजोगे. गुंडी मात्र मातीतही टिकते.

ही गुंडी वाचायची कशी? ब्रिटिश पायदळाच्या गुंडीवर पलटणीचा क्रमांक असावा असा हुकूम १७६७ साली निघाला. त्यामुळे क्रमांक दिसला की पलटण कळते. शिपायांच्या गुंड्या १८५५ पर्यंत कथिलाच्या मिश्रधातूच्या, करड्या रंगाच्या असत. पुढे पितळी आल्या. १८७१ मध्ये शिपायांच्या गुंडीवरचा क्रमांक गेला आणि सर्वांना सरसकट राजचिन्हाची गुंडी मिळाली. अधिकाऱ्यांच्या गुंडीवर तो आणखी दहा वर्षे राहिला. १८८१ च्या सुधारणांत क्रमांकच रद्द झाले, दोन-दोन पलटणींची लग्ने लावली गेली आणि त्यांना प्रांतांची नावे मिळाली. तेव्हा हातात ‘७४’ आकड्याची करडी गुंडी आली, तर ती १८५५ पूर्वीच्या एखाद्या शिपायाच्या छातीवरची, हे न विचारता समजते.

बिल्ल्याला वाचा फोडतो तो मुकुट. मुकुटाची कमान घुमटासारखी गोल असेल तर तो १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला. मध्ये खोलगट असेल तर साधारण १९५३ नंतरचा, राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीतला. तिसऱ्या चार्ल्सने २०२२ मध्ये पुन्हा गोल मुकुट निवडला आहे. पुढच्या पिढीतल्या संग्राहकांची त्याने चांगलीच पंचाईत करून ठेवली आहे! मुकुटानंतर बिल्ला उलटा करून पाहावा. मागे टोपीला अडकवण्याची नाकं आहेत की खाली सरकवायची पट्टी, धातू किती जाड, कडा किती झिजल्या आहेत, हे पाहावे. जुन्या ठशांवरून पाडलेले नवे बिल्ले बाजारात पुष्कळ आहेत. खऱ्याच्या उंचवट्यांवर वर्षानुवर्षांच्या घासण्याने एक मऊपणा आलेला असतो. नकलेच्या कडा बोटाला टोचतात. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. देवाची उपकरणी चिंचेने घासावीत तसा जुना बिल्ला कधी घासू नये. चकाकी येते, पण इतिहास निघून जातो.

आता त्या हत्तीच्या बिल्ल्याकडे वळू. तो हायलँड लाईट इन्फंट्रीचा. माझ्याकडचा बिल्ला मोडीच्या एका दुकानात, पितळी नळांच्या ढिगात मिळाला. छावणीचे गाव असल्याने अशा वस्तू इथे अधूनमधून वर येतात. नववीच्या वर्गात मी तो फिरवतो आणि मुलांना विचारतो, ‘काय काय दिसते?’ मुलांना एक चांदणी दिसते, मुकुट दिसतो, बिगूल दिसते, हत्ती दिसतो. बेळगावच्या मुलांना बिगूल ओळखायला शिकवावे लागत नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र गावात असल्याने ती खूण त्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. चपळ पायदळाला हुकूम बिगुलावर मिळत, म्हणून जगभर ‘लाईट इन्फंट्री’ची खूण बिगूलच. चांदणी ही स्कॉटलंडच्या थिसल या मानाच्या पदवीची. बिगूल आले ७१ व्या पलटणीकडून आणि हत्ती आला ७४ व्या पलटणीकडून. १८८१ मध्ये या दोघी एक झाल्या. एका बिल्ल्यात दोन घरांचे कुळाचार नांदू लागले ते असे.

पण हे डोंगराळ लोक इंग्रज राजाच्या फौजेत आले कसे? १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर हायलँडच्या टोळ्यांचा सरकारी फौजेने पुरता मोड केला. त्यानंतर कायदा झाला की डोंगरी मुलखात कोणी पुरुषाने किल्ट व चौकड्यांचा पारंपरिक वेष घालायचा नाही. १७८२ पर्यंत हा कायदा होता. त्यात सूट एकाच वर्गाला होती, राजाच्या सैनिकांना! म्हणजे बापजाद्यांचा पोषाख अंगावर घालायचा तर ज्याने आपल्याला जिंकले त्याच्या पलटणीत नाव घालायचे. ७१ वी पलटण १७७७ मध्ये उभारणारा लॉर्ड मॅक्लाउड हा स्वतः तरुणपणी बंडात होता. परदेशात सेवा करून तो परतला आणि राजासाठी माणसे जमवून पलटण घेऊन उभा राहिला. ती पलटण लगेच हिंदुस्थानात, हैदर अलीवर आली. ७४ वी तर १७८७ साली हिंदुस्थानातल्या कामगिरीसाठीच उभारलेली.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला या दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज. शिंद्यांच्या कवायती कंपूंवर पोलमन हा जर्मन. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. त्याच्याजवळ ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश पलटणी, १९ वी घोडेस्वार पलटण, बाकी सारे मद्रासी शिपाई आणि देशी स्वार. शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडदळही त्याच्याच बाजूला. मराठे त्या दिवशी दोन्हीकडे होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. इंग्रजांची उजवी फळी भरकटून थेट असई गावाच्या तोफांपुढे गेली आणि तिच्यामागोमाग ७४ वी पलटण. तोफांनी ती भाजून काढली, वर मराठी स्वार तुटून पडले. पाचशेच्या आसपास माणसांतली सुमारे चारशे मेली वा जखमी झाली. तिकडे दुसऱ्या टोकाला ७८ वीने तोफांची रांग ओलांडली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले शिंद्यांचे गोलंदाज उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून त्यांची दीड हजारांवर माणसे गेली. वर्षअखेरीस शिंद्यांना सुर्जी-अंजनगावचा तह करावा लागला.

त्या विजयासाठी कंपनी सरकारने या तीन गोऱ्या पलटणींना मानाची निशाणे दिली आणि असईचा हत्ती त्यांच्या चिन्हांत आला. ७८ वी पुढे सीफोर्थ हायलँडर्समध्ये गेली, तिच्याबरोबर हत्तीही गेला. मद्रासी शिपायांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही असईचाच हत्ती आहे. मेलेले सोंग घेऊन पुन्हा तोफेशी उठलेल्या त्या गोलंदाजांची एकही गुंडी मात्र कुठल्या संग्रहात माझ्या पाहण्यात आलेली नाही. बिल्ला जेत्याचा असतो. त्यावर गावाचे नाव येते, पण गावाकडून लढणाऱ्याचे येत नाही.

मात्र इतिहास इथेच थांबत नाही. ११३ वर्षांनी, १९१६ च्या आरंभी, मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी एका ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढले होते. त्या वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्यांना सोडवायला नदीकाठाने जी फौज निघाली तीत सीफोर्थ हायलँडर्सची पहिली पलटण होती. चिखलात, पावसात, उघड्या मैदानावर ते पुढे जात राहिले आणि पडत राहिले. फेब्रुवारीपर्यंत त्यांची व ब्लॅक वॉच या दुसऱ्या स्कॉटिश पलटणीची एवढी माणसे गेली की उरलेल्यांची मिळून एकच पलटण करावी लागली. कुत वाचले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली फौज शरण गेली आणि हजारो सैनिक कैदेत मेले. ज्या पलटणीच्या चिन्हांत मराठ्यांच्या पराभवाचा हत्ती होता, तिची पोरे मराठ्यांना सोडवताना मेली. दोघांचेही राज्य गेलेले, दोघेही दुसऱ्याच्या निशाणाखाली. हा योगायोग म्हणावा की साम्राज्याची रीत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता त्या पलटणीही राहिल्या नाहीत. हायलँड लाईट इन्फंट्री १९५९ मध्ये दुसऱ्या पलटणीत मिळवली गेली, सीफोर्थ १९६१ मध्ये. खोलगट मुकुटाचा हत्तीवाला बिल्ला पाच-सहा वर्षेच बनला, तो याच कारणाने. १९६८ साली आर्गाइल पलटण मोडण्याचे ठरले तेव्हा ती वाचवण्यासाठीच्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या. २००६ मध्ये स्कॉटिश लाईन पायदळाच्या पलटणींची एकच रेजिमेंट झाली आणि त्यांच्या टोपीवर एकच बिल्ला आला. नाव पुसले जाण्याचे दुःख काय असते, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

सीफोर्थच्या बिल्ल्यावर हरणाचे डोके आहे आणि खाली ‘कुजिख न री’ म्हणजे ‘राजाला साहाय्य कर’ हे बोधवाक्य. ते इंग्रजीत नाही, डोंगरी लोकांच्या गेलिक भाषेत आहे. १८९१ च्या शिरगणतीत ही भाषा बोलणारे अडीच लाखांवर होते. २०११ मध्ये ते सत्तावन्न हजारांच्या घरात उतरले. २०२२ मध्ये जरासे वाढून सत्तर हजारांच्या जवळ आले. पितळेवर भाषा कोरली म्हणून ती जगत नाही. ती घरात बोलली तरच जगते.

म्हणून या छंदाकडे मी निव्वळ शोभेच्या वस्तू जमवणे म्हणून पाहत नाही, आणि म्हणूनच शेवटी वाचकांना एक विनंती करतो. आपल्या भागातल्या अनेक घरांतून कोणाचे तरी पणजोबा पलटणीत होते. त्यांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात वा आजीच्या बटव्यात एखादे गोल पदक असण्याचा संभव आहे. पहिल्या महायुद्धाचे एक पदक चांदीचे असे. त्यामुळे कित्येक पदके सराफाच्या मुशीत गेली. असे पदक हाती लागले तर त्याची कड उजेडात धरा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घरातल्या बायाबापड्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, म्हणून ते नाव शंभर वर्षे तसेच पडून आहे. आपल्याला दोन्ही लिप्या, किंबहुना तिन्ही, वाचता येतात. नाव वाचा, एका कागदावर मराठीत उतरवून काढा, त्याबद्दल घरात जे जे सांगितले जाते ते त्याखाली लिहा आणि कागद पदकाबरोबर ठेवा. असईच्या गोलंदाजांसाठी हे कोणी केले नाही. कुतच्या शिपायांसाठी ते अजून करता येण्यासारखे आहे.