पनवेलची घरपट्टी आणि आपली ग्रामसभा

आज आपण पनवेलच्या घरपट्टीवर बोलू. गागोदे बुद्रुकमध्ये बसून पनवेलची घरपट्टी कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण आपल्या पेण तालुक्यातल्या किती लेकीसुना खारघर, कामोठे, कळंबोलीत नांदतात ते जरा आठवा. तिकडच्या बिलाची काळजी फोनवरून इकडे येतेच. शिवाय शहर काही तिथंच थांबलेलं नाही, आपल्या दिशेनं सरकतंय.

पनवेलची नगरपालिका 1852 सालची. राज्यातल्या सगळ्यात जुन्या नगरपालिकांमध्ये तिचं नाव घेतात. तेव्हा पनवेल हे खाडीवरचं मोठं बंदर होतं. मुंबईहून होड्यांनी माल यायचा आणि बैलगाड्यांनी बोरघाट चढून पुण्याकडे जायचा. 1850 साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला. गावातल्या लोकांनी मागणी केली तर त्यांनी कमिटी नेमावी, कर बसवावा आणि त्या पैशातून रस्ते, दिवे, साफसफाई बघावी, असा त्याचा मतलब. म्हणजे सुरुवातीचा करार साधा होता : पट्टी तुम्ही द्या, सोय तुम्हालाच होईल. पुढं 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती कर्जतवरून. पनवेलचा व्यापार आटला. वाट बदलली की गावाचं उत्पन्न बदलतं, हे पनवेलनं तेव्हाच पाहिलं.

नगरपालिकांचा खरा आधार पुष्कळ वर्षं जकात होती. नाक्यावर माल अडवायचा आणि तिथंच पैसे घ्यायचे. लोकांना ती फार टोचत नसे, कारण ती भावात लपलेली असायची. तेल-साखर घेताना जकात आपणच भरतोय हे कुठल्या बाईला कळत होतं? 1999 मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली आणि बदल्यात सरकारी अनुदान आलं. तेव्हापासून नगरपालिकेच्या स्वतःच्या हातात मुख्य उरली ती घरपट्टी. आणि घरपट्टी मात्र दारात येते, नावावर येते, म्हणून तिच्यावरून भांडणंही होतात.

ती ठरते कशी, ते बघू. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा अंदाज धरतात. समजा महिना 3,000 रुपये धरले, तर वर्षाचे झाले 36,000. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के, म्हणजे 3,600 वजा. उरलेले 32,400 हे करपात्र मूल्य. कराचे टक्के त्याच्यावर लागतात. म्हणून बिल आलं की आकड्याच्या आधी दोन गोष्टी बघायच्या : घराचं क्षेत्रफळ बरोबर लिहिलंय का, आणि भाडं कोणत्या दरानं धरलंय. चूक बहुतेक तिथंच सापडते.

आता वादाकडे येऊ. नवी मुंबई वसवायला सरकारनं 1970 मध्ये सिडको ही कंपनी काढली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती सिडकोच्या. रस्ते, गटारं, कचरा यांची व्यवस्था सिडकोकडे होती आणि त्यासाठी ती सेवाशुल्क घेत होती. 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेलची महानगरपालिका झाली. जुनी नगरपालिका, सिडकोच्या वसाहती आणि आसपासची 29 गावं त्यात आली. रायगड जिल्ह्यातली ही पहिली महानगरपालिका. 2017 मध्ये निवडणूक झाली. 78 जागांपैकी निम्म्या बायकांसाठी राखीव होत्या आणि पहिल्या महापौरही बाईच, डॉ. कविता चौतमोल.

पण घरपट्टीची बिलं वसाहतींमध्ये पोचली ती 2021 मध्ये, आणि हिशेब लावलेला 2016 पासूनचा. लोक म्हणाले, या वर्षांत आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरलंय, मग त्याच गटारासाठी दोनदा का भरू? महापालिका म्हणाली, स्थापनेपासून कर घेणं कायद्यानं आम्हाला भाग आहे. आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कर नाही घेतला तर महापालिका चालणार कशावर? पण पाच वर्षांचं एकदम मागणं म्हणजे पगारावर चालणाऱ्या घराची घडी विस्कटणं. त्यात थकबाकीवर कायद्यानं महिन्याला दोन टक्के शास्ती. आपल्या गटात दोन रुपये शेकड्यानं कर्ज घेतलेल्या बाईला विचारा, वर्षाला ते चोवीस होतात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पुढं शास्तीत सवलत देणारी अभय योजनाही आली.

कोर्टाची वाट सोपी नाही, हेही सांगायला हवं. महापालिकेच्या घरपट्टीविरुद्ध न्यायाधीशापुढं अपील करता येतं, पण मुदत पंधरा दिवसांची, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून खरी वेळ असते ती त्याआधी, हरकती मागवल्या जातात तेव्हाची. हरकत लेखी द्यायची आणि शिक्क्यासह पोच घ्यायची. तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही.

यात आम्हाला सगळ्यात जास्त खटकली ती गोष्ट वेगळीच आहे. त्या 29 गावांत पूर्वी ग्रामपंचायती होत्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हा आपल्या राज्याचा नियम. महापालिका झाली तशी ग्रामपंचायत गेली, आणि तिच्याबरोबर ती सभाही. आता नगरसेवकाकडे जायचं. पण 2022 च्या जुलैमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही आणि पुढची तीन वर्षं तरी प्रशासकच कारभार बघत होते. घरपट्टीचा वाद तापलेला असताना तिथल्या बाईला विचारायला ना सरपंच होता ना नगरसेवक. विनोबांचा जन्म 1895 साली आपल्या गागोद्यात झाला. गावाचा निर्णय गावानं एकत्र बसून घ्यावा, हे त्यांचं सांगणं आपण शाळेपासून ऐकतो. ऐकून ऐकून गुळगुळीत झालं होतं. पनवेलच्या गावांकडे बघितलं की त्याचा अर्थ नव्यानं लागतो.

आणि पाणी. हेटवणे धरण आपल्या पेण तालुक्यातलं. त्याचं पाणी नळानं सिडकोच्या वसाहतींना जातं. आपल्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या बायका मात्र वर्षानुवर्षं उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट बघत आल्या. शहराची सोय म्हणतात तिचा एक हिशेब असा गावाच्या खात्यावरही पडतो, तो कुठल्याच बिलात छापलेला नसतो.

2024 मध्ये सरकारनं उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक केली. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. गावागावांतून हरकती गेल्या. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे तलाठी कार्यालयात विचारून घ्या. यादीत असो वा नसो, येत्या महिला सभेत हा विषय मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

पुढच्या भागात घरपट्टीची नोटीस आणि नमुना आठचा उतारा कसा वाचायचा ते बघू. तेव्हा आपापल्या घराचा उतारा घेऊन बसा. नमस्कार.