संकेतस्थळ : परीक्षण, प्रसिद्धी आणि निगराणी

संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी त्याची जी कसोटी घ्यावी लागते, खुले झाल्यावर ते वाचकांच्या दृष्टीस पडावे म्हणून जी खटपट करावी लागते, आणि त्यानंतर ते हयात आहे तोवर त्याची जी अखंड निगा राखावी लागते, त्या तीन व्यवहारांचा विचार या नोंदीत केला आहे. मुद्रित ग्रंथ बांधणी होऊन बाहेर पडला म्हणजे मुद्रकाची जबाबदारी संपते, आणि पुढे त्याचे जे काय व्हायचे ते वाचक आणि वाळवी यांच्या मर्जीने होते. संकेतस्थळाचे पान मात्र प्रत्येक वाचकासमोर, त्याच्या त्याच्या यंत्रावर, दर वेळी नव्याने जुळवले जाते, म्हणून ते पुरे झाले असे कधीच म्हणता येत नाही. ‘वेबसाइट’साठी मराठीत रूढ झालेला हा प्रतिशब्द मूळचा संस्कृत शृंगारकाव्यातला, आणि अभिसारिकेने प्रियकराला भेटण्यासाठी आधी ठरवलेली जागा हा त्याचा जुना अर्थ. नव्या अर्थालाही तो अनपेक्षितपणे लागू पडतो. कारण ठरल्या ठिकाणी यावे आणि तेथे कोणीच नसावे, हा जो प्रसंग अलंकारशास्त्राने विप्रलब्धा नायिकेच्या वाट्याला दिला, तोच पडद्यावर ४०४ हा आकडा पाहणाऱ्या वाचकाच्या वाट्याला येतो.

परीक्षणाचा पहिला भाग यांत्रिक आहे. पानाची संहिता नियमानुसार लिहिली आहे किंवा नाही, हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानकसंस्थेच्या तपासनिसाकडून विनामूल्य ताडून घेता येते. दुवे उघडतात की नाही, भरलेले अर्ज योग्य जागी पोहोचतात की नाही, हेही यंत्राकरवी पाहता येते. अधिक अवघड ती भाराची चाचणी, आणि तिची हयगय केल्यास काय होते याचा दाखला अमेरिकेच्या संघशासनाने आरोग्यविम्यासाठी उभारलेल्या हेल्थकेअर.गव्ह या स्थळाने घालून दिला. ते १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले. सर्व भाग एकत्र जोडून घ्यावयाची चाचणी त्याआधी जेमतेम दोन आठवडे चालली होती, अशी जबानी मक्तेदारांनी पुढे काँग्रेसच्या समितीपुढे दिली. आणि लाखो लोक दाराशी येऊनही पहिल्या दिवशी नोंदणी पुरी होऊ शकली ती अवघ्या सहा जणांची. सुटे भाग आपापल्या जागी निर्दोष असणे आणि यंत्र चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पिठाच्या गिरणीवाल्याला ठाऊक असते. मोठ्या कचेऱ्यांना ते अनेकदा खर्च झाल्यावर कळते.

यंत्राला न कळणारे दोष माणसांकडूनच शोधून घ्यावे लागतात. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सेन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले, की पाच वापरकर्त्यांना शेजारी बसवून त्यांचा वावर निरखला तर सुमारे ८५ टक्के अडचणी उघडकीस येतात. आकड्यावर वाद आहेत. पण ज्याने एकदाही आपले पान एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती देऊन, तोंडाने काही न सुचवता, नुसते पाहण्याचा संयम राखला असेल, तो मूळ मुद्द्याशी वाद घालणार नाही. दृष्टिहीनांसाठी चित्रांना शब्दवर्णन द्यावे, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, अशा सुगम्यतेच्या अपेक्षा उपर्युक्त संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहेत.

देवनागरी स्थळांचे परीक्षण हे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि परदेशी ग्रंथांत त्याचा मागमूसही नसल्यामुळे त्याचा काहीसा विस्तार येथे क्षम्य ठरावा. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन भिन्न शब्द आहेत, आणि टंकाने रफार व अर्धा ऱ यांत घोटाळा केला तर विद्वानांचे निमंत्रण स्वयंपाक्यांना जाते. हा अर्धा ऱ युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिला जातो : नुक्ता असलेल्या स्वतंत्र ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच; यंत्राला मात्र ती निराळी, म्हणून एका रूपाने लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्यास, जुळवणीची आगाऊ तजवीज केली नसेल तर, सापडत नाही. पानाची भाषा मराठी असल्याचे संहितेत जाहीर केल्यास योग्य टंक ल आणि श यांची मराठी वळणे वापरतो. ते विसरल्यास हिंदी वळणे येतात, आणि मजकूर शुद्ध असूनही परका वाटतो.

लिपीचा हाच प्रश्न प्रसिद्धीच्याही मुळाशी आहे. देवनागरीचा समावेश युनिकोडात १९९१ पासून होता, तरी पुढे बरीच वर्षे अनेक मराठी वृत्तपत्रांची स्थळे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या खाजगी टंकांत निघत. वाचकाला अग्रलेख दिसे, पण शोधयंत्राला त्याच जागी निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसे, आणि त्या काळचा पुष्कळ मजकूर लोकांपुढे असूनही शोधणाऱ्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. कोणतीही जाहिरात ही उणीव भरून काढू शकत नव्हती. शोधयंत्राच्या दूताने कोठे जाऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स’ नावाची चिठ्ठी १९९४ पासून, आणि कोठे जावे हे सांगणारी पानांची यादी २००५ पासून रूढ आहे. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात बसवलेली गूगलची मूळ पद्धत, विद्वानांच्या लेखनातील संदर्भांप्रमाणे, एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा म्हणजे त्याच्या बाजूची साक्ष असे धरून चाले. अर्थात साक्षी विकत घेण्याचा धंदाही लगेच सुरू झाला, आणि पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्दांची पेरणी करण्यासारखे लबाडीचे प्रकार निघाले, ज्यांना शोधयंत्रे हुडकून शिक्षा देत आली आहेत. प्रसिद्धीच्या बाकी उपायांवर, म्हणजे समाजमाध्यमे, वृत्तपत्रे, पत्रिका यांवर, येथे शाई खर्चण्याचे कारण नाही. ते उपाय दुकानाच्या पाटीइतकेच जुने आहेत. देवनागरी पत्त्याची सोय मात्र नवी : ‘.भारत’ हे क्षेत्रनाम ऑगस्ट २०१४ मध्ये मराठीसह काही भाषांसाठी खुले झाले.

निगराणी हा या तिहींतला सर्वांत लांबणारा आणि सर्वांत उपेक्षित व्यवहार होय. उद्‌घाटनाला पाहुणे येतात, डागडुजीला कोणी येत नाही. डोमेन नाव विकत मिळत नाही, ते मुदतीने भाड्याने मिळते, आणि मुदत चुकल्यास नामवंत धन्याचाही मुलाहिजा राखला जात नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट.कॉम या नावाचे नूतनीकरण राहून गेले, हॉटमेलच्या ग्राहकांची कामे खोळंबली, आणि अखेर एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते नाव चालू केले. सुरक्षित संपर्काचे प्रमाणपत्रही असेच मुदतीचे असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देऊ लागली तेव्हा त्याची मुदत ९० दिवसांची ठेवली, जेणेकरून नूतनीकरण माणसाच्या स्मरणशक्तीवर न राहता यंत्राकडे सोपवले जावे. याशिवाय आज्ञावलीची सुधारित आवृत्ती वेळच्या वेळी बसवणे, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे परवलीचे शब्द रद्द करणे, आणि दप्तराची प्रत निराळ्या ठिकाणी ठेवून ती खरोखर उलगडते याची अधूनमधून खात्री करून घेणे, ही मामुली वाटणारी कामे आहेत. शेवटचे काम बहुधा कोणी करत नाही, आणि जिची उलगड कधी पाहिली नाही अशी प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

मजकूर हलवताना जुना पत्ता नव्याकडे वळवून ठेवावा, कारण चांगले पत्ते बदलत नसतात, असा आग्रह वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये एका टिपणात धरला. स्थळ बंदच करावयाचे झाल्यास आगाऊ सूचना द्यावी आणि मजकूर संग्रहाकडे सोपवावा. १९९६ पासून इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था पानांच्या प्रती साठवते, आणि याहूने २००९ मध्ये जिओसिटीज हे अमेरिकेतील स्थळ बंद केले तेव्हा असंख्य घरगुती पाने जी काही वाचली, ती अशा संग्राहकांमुळेच.

निगराणीची जुनी आज्ञा जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत एका काळ्या नेक्स्ट संगणकाला चिकटवलेली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशी लाल शाईतली हस्तलिखित चिठ्ठी. यंत्र जतन झाले. त्यावरचे जगातील पहिले पान मात्र वारंवार बदलले गेले, आणि त्याचा मूळ पत्ताही पुढे अनेक वर्षे ओस पडला. २०१३ मध्ये सर्नने १९९२ सालची एक प्रत मिळवून त्या पत्त्यावर पुन्हा मांडली.