कुंपणाआतले पेट्रोल

ब्रिटनमध्ये मोटरवेने लांबचा प्रवास करणाऱ्यांची एक जुनी तक्रार आहे. गावातल्या पंपावर मिळते तेच पेट्रोल मोटरवेच्या कडेला एवढे महाग का? तक्रारीत तथ्य आहे. ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या तिथल्या सरकारी संस्थेने ऑगस्ट 2012 मधले भाव ताडून पाहिले, तेव्हा मोटरवेवर पेट्रोल लिटरमागे सरासरी 7.5 पेन्स आणि डिझेल 8.3 पेन्स महाग निघाले. 2023 साली तिच्या वारसदार संस्थेने, म्हणजे ‘कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी’ने, पुन्हा चौकशी केली. तोवर फरक पेट्रोलला सुमारे 20 आणि डिझेलला सुमारे 15 पेन्सवर गेला होता. इंधनावरचा कर दोन्हीकडे सारखाच, मालही तोच. ग्राहक याला लूट म्हणतात आणि पंपचालक खर्चाकडे बोट दाखवतात. दोघांच्या म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे, पण भावाचे मूळ पंपचालकाच्या स्वभावात किंवा त्याच्या हिशेबवहीत शोधून सापडणार नाही. ते 1950 च्या दशकात सरकारने हे रस्ते ज्या रीतीने आखले, त्यात आहे.

जुन्या रस्त्यावर पंप टाकायला रस्त्यालगत जमीन असली की काम भागे. लंडनहून वायव्येकडे जाणाऱ्या ए-5 सारख्या रस्त्यांवर त्यामुळे गॅरेजे, पंप आणि चहाच्या टपऱ्या आपोआप उगवल्या. 1949 च्या ‘स्पेशल रोड्स अॅक्ट’ने वेगळ्या जातीचा रस्ता, म्हणजे मोटरवे, जन्माला घातला. तो ठरावीक वाहनांसाठीच राखलेला, आणि शेजारच्या शेताला किंवा दुकानाला त्यावर दार उघडायला मनाई. डिसेंबर 1958 मध्ये प्रेस्टनचा वळणरस्ता आणि 2 नोव्हेंबर 1959 रोजी एम-1 चा पहिला मोठा टप्पा खुला झाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने रस्ता असा बंदिस्त ठेवणे शहाणपणाचेच होते. पण रस्ता बंदिस्त केला की आतल्या माणसाच्या भुकेची आणि गाडीच्या टाकीची सोयही आतच करावी लागते, आणि ती कोणी करायची हे मग बाजार ठरवत नाही, वाहतूक मंत्रालय ठरवते. एम-1 वर वॉटफर्ड गॅप आणि न्यूपोर्ट पॅग्नेल अशा दोन जागा निवडल्या गेल्या. (हे वॉटफर्ड गॅप नॉर्दॅम्पटनशरमध्ये आहे, लंडनजवळच्या वॉटफर्ड शहराशी त्याचा संबंध नाही, तरी घोळ होतोच.) पहिली जागा ‘ब्लू बोअर’ला मिळाली. या कंपनीचा पंप जवळच ए-5 वर आधीपासून होता. रस्ता सुरू झाला त्या दिवशी पंप तयार होता, उपाहारगृह नव्हते. सँडविच शेडमधून विकावे लागले. अशा ठिकाणांना तिकडे ‘सर्व्हिसेस’ म्हणतात.

व्यवस्था अशी होती: जमीन मंत्रालयाची, चालवण्याचा हक्क निविदा काढून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, आणि भाड्यात ठरावीक रकमेखेरीज उलाढालीतला हिस्सा. अटीही होत्या. वर्षभर चोवीस तास उघडे राहायचे, शौचालय फुकट, काही काळ पार्किंग फुकट, काही विकत घेण्याची सक्ती नाही. मक्तेदारीचा धोका मंत्रालयाला दिसत नव्हता असे नाही. म्हणूनच सुरुवातीच्या सर्व्हिसेसमध्ये एकाच आवारात अनेक कंपन्यांचे पेट्रोल ठेवायला लावले जाई. पण पंपांवर नावे कितीही असोत, विकणारा एकच होता. ग्राहकाला छाप निवडता येत होती, भाव निवडता येत नव्हता. स्पर्धा म्हणजे दोन विक्रेते एकमेकांचे गिऱ्हाईक पळवू शकतात अशी स्थिती, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

यावर सर्व्हिसेसच्या चालकांचा आक्षेप ठरलेला असतो. रात्री तीन वाजता रिकाम्या आवारात माणसे बसवायची, कधी काही विकत न घेणाऱ्यांचीही शौचालये धुवायची, शिवाय भाडे भरायचे, मग भाव चढा असणारच. पहिल्या दोन बाबी मान्य करायला हव्यात. त्या अटी लोकहिताच्या आहेत आणि त्यांचा भार कुणावर तरी पडणारच. भाड्याचे मात्र उलट आहे. दादर स्टेशनबाहेरच्या गाळ्याचे भाडे जबर असते, कारण तिथे गिऱ्हाईक अडून मिळते. भाडे जबर आहे म्हणून गिऱ्हाईक येत नाही. मोटरवेवरही बोली लावणारा आधीच जाणतो की पुढचा पंप कितीतरी मैलांवर आहे, आणि त्या अंतराची किंमत तो जमीनमालकाला देऊ करतो. चढ्या भावाची आशा भाड्यात शिरते आणि नंतर तेच भाडे चढ्या भावाचे कारण म्हणून पुढे केले जाते.

2012 ते 2023 या काळात पेट्रोलमधला फरक दुपटीहून जास्त का झाला, याचे एक उत्तर मोटरवेच्या बाहेरच आहे. ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांनी गेल्या काही दशकांत आपल्या आवारांत पंप टाकले आणि गिऱ्हाईक दुकानात यावे म्हणून पेट्रोल थोड्या नफ्यावर विकले. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक आज त्यांच्याकडून जाते आणि आसपासचे पंप त्यांच्या भावाकडे पाहून आपला भाव लावतात. मोटरवेच्या कुंपणाआत हा दबाव पोचत नाही. 2019 नंतर सुपरमार्केटांचाही नफा वाढला, असे 2023 च्या अहवालात म्हटले आहे. तरीही मोटरवेची दरी रुंदावली, यावरून आतला विक्रेता किती निर्धास्त आहे हे कळते.

हे अटळ होते का? अमेरिकेकडे पाहिले तर नाही, असेच म्हणावे लागते. 1940 साली उघडलेल्या पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर पंपांचा हक्क एकाच तेल कंपनीला दिला गेला होता, म्हणजे नमुना ब्रिटनसारखाच. पण 1956 च्या ज्या कायद्याने इंटरस्टेट रस्ते उभे राहिले, त्यातच या रस्त्यांच्या हद्दीत पंप किंवा दुकाने बांधायला मनाई होती. परिणाम असा की इंटरस्टेटवरून उतरले की तिठ्यावर चार-पाच पंप समोरासमोर उभे दिसतात, खांबावर भाव लावलेले. टाकी भरायला रस्ता सोडावा लागतो, हा तोटा खरा. पण तिथे विक्रेत्याला ग्राहकाची खुशामत करावी लागते.

भारतातला अनुभव तिसराच आहे. आपल्याकडे सरकारी तेल कंपन्या भाव ठरवतात आणि पंपचालकाला ठरलेले कमिशन मिळते. त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर पेट्रोलसाठी कुणी फारसे रडत नाही. रडतात ते फूड मॉलमधल्या खाण्याच्या दरांवर. बंदिस्त रस्त्याची किंमत इथेही वसूल होते, ती पेट्रोलऐवजी ताटातून.

ब्रिटनच्या बाबतीत दुसरा आक्षेप असा, की सक्ती कुणावर आहे? पुढच्या फाट्यावर उतरा आणि स्वस्त भरा. हे बिनतोड वाटते, पण ग्राहक दोन तऱ्हांचे असतात. कंपनीच्या फ्युएल कार्डावर भरणाऱ्याला भावाचे सोयरसुतक नसते. आणि ज्याचा काटा खाली आला आहे त्याला फाट्यापलीकडे पंप कुठे, किती दूर आणि किती स्वस्त, हे माहीत नसते. 2012 च्या पाहणीनंतर भाव दाखवणारे फलक मोटरवेवर लावण्याची शिफारस झाली आणि 2016 मध्ये एम-5 वर ब्रिस्टल ते एक्सेटर या टप्प्यात तसा प्रयोग झाला. फलक उपयोगी आहेत, पण त्यांवर एका सर्व्हिसेसचा भाव पुढच्या सर्व्हिसेसच्या भावाशी ताडता येतो, कुंपणाबाहेरच्या पंपाशी नाही.

सरकारने पुढे बऱ्याच गोष्टी सैल केल्या. पीटर प्रायर यांच्या समितीने 1978 साली सर्व्हिसेसच्या कारभाराची झडती घेतली आणि 1992 नंतर नव्या जागा शोधण्याचे काम खासगी कंपन्यांवर सोपवले गेले. पण दोन थांब्यांत फार अंतर नसावे हा संकेत, चोवीस तासांची अट आणि बऱ्याच ठिकाणी मोटरवेवरूनच आत येण्याची रचना तशीच राहिली. मालक बदलले, दार एकच राहिले. विजेच्या गाड्या आल्यावर हाच खेळ पुन्हा मांडला गेला. चार्जिंगचे हक्क एकाच कंपनीला दहा ते पंधरा वर्षांच्या करारांनी दिले गेले. या वेळी मात्र नियामक लवकर जागा झाला: 2021 मध्ये चौकशी सुरू झाली आणि मार्च 2022 मध्ये हे हक्क बाळगणाऱ्या ग्रिडसर्व्ह कंपनीने नोव्हेंबर 2026 नंतर मोटो, रोडशेफ आणि एक्स्ट्रा या सर्व्हिसेस चालवणाऱ्या कंपन्यांच्या आवारांत हे एकाधिकार बजावणार नाही, असे बंधन स्वीकारले. पेट्रोलच्या बाबतीत असे बंधन कधीच घातले गेले नाही.