पावकी, दशमान आणि पालक : पेण-रोह्याच्या संदर्भात गणित-अध्यापनाचा एक विचार

मराठी मुलाचे अंकगणित दीर्घकाळ दोन ठिकाणी घडत आले : पंतोजींच्या शाळेत आणि घरच्या ओसरीवर. दिवेलागणीच्या परवच्यात श्लोकांबरोबर पाढे असत. त्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही येत. १६ आण्यांचा रुपया, ४ शेरांची पायली व २० मणांची खंडी या मापांनी व्यवहार चालत असता हे पाठांतर भाताच्या खळ्यावर व बाजारात नित्य उपयोगी पडे. शाळेतील गणित वडीलधाऱ्यांच्या ओळखीचे असे. अर्थात ही सोय सर्व घरांस नव्हती. ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांचे गणित पाठांतराचे नसून व्यवहाराचे होते.

घर व शाळा यांच्या या एकरूपतेस मोठा छेद गेला तो नाणेपद्धतीच्या सुधारणेने. तिचा कायदा १९५५ मध्ये संमत झाला तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते, आणि त्यांचे बालपण रोह्यात गेले होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ नवे पैसे सरळ होत. एका आण्याचे मात्र सव्वासहा येत व व्यवहारात ६ धरावे लागत. पाठोपाठ मेट्रिक वजने-मापे आली. सुधारणेने हिशेब सुलभ झाला, यात संशय नाही. परंतु तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यातील ज्या पालकास दिडकी मुखोद्गत होती, त्याचे ज्ञान मुलाच्या वहीत निरुपयोगी दिसू लागले.

हाच प्रश्न भाषेच्या अंगाने २०१९ मध्ये पुन्हा उपस्थित झाला. इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीस ‘वीस एक’ असे वाचन आले. जोडाक्षरी संख्यानामांचा भार हलका करणे हा हेतू होता. तरीही मोठा वाद उसळला. संख्यानाम हे गणिताइतकेच घराच्या बोलीचेही असते, हे त्यातून दिसून आले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पालकांच्या नियमित सभा घेणे व त्यांना पाल्याची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. ही तरतूद मोलाची आहे. पण तिच्यात सांगणारा शिक्षक व ऐकणारा पालक असतो. घरातील गणित शिक्षकाने ऐकावे, ही अपेक्षा तिच्यात येत नाही. ती उणीव अध्यापक विद्यालयांनीच भरून काढावयाची आहे.

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात मूर्तीची उंची आजही दीड फूट, अडीच फूट अशीच सांगितली जाते. छात्राध्यापकाने तेथील एखाद्या पालकाकडून मापाचा हिशेब समजून घ्यावा, आपल्या पाठटाचणात तो नोंदवावा, आणि ‘दीड’ व १.५ एकच असल्याचे वर्गात त्याच उदाहरणाने दाखवावे. दशमान पद्धतीने तुटलेला दुवा जोडण्याचा आरंभ इतक्या लहान कृतीनेही होऊ शकेल.